उंदीरवाटा

पानाने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. म्हणायला लाकडात गेला, खरं म्हणजे मामंजींच्या अब्रूत.

पाना म्हणजे आमचा इंजिनवाला. खिशात कायम पाना असतो म्हणून पाना. खरं नाव त्याच्या आईला तरी आठवत असेल की नाही कोण जाणे. आमची नाव तळ्याच्या पाण्याबाहेर ओढून शेडमध्ये घेतली होती आणि तो बघायला आला होता इंजिन का थरथरतं ते. इंजिनाभोवतीच्या, आपण पाय ठेवतो त्या फळ्या त्याने स्क्रू काढून उचलल्या, तर खालून ओल्या गोणपाटासारखा वास आला. इंजिनाचे नटबोल्ट एकदम घट्ट. ते ज्या लाकडात बसवले होते ते लाकूडच जागेवर नव्हतं.

"वहिनी, हे बघा." त्याने बोटांनी एक तुकडा खुडला. "लाकूड कसलं, चहात बुडवलेला पाव आहे हा."

मग तो दाराकडे वळला. तिथे खुर्चीवर माझे सासरे बसले होते. पानाच्या मनात काही वाकडं नव्हतं, तो नुसता जिभेला ब्रेक नसलेला माणूस आहे. "मिस्त्री, लावताना लाकूड ओलं होतं का हो?"

मामंजींनी चाळीस वर्षं नावा बांधल्या. ही त्यांची शेवटची. हिरवा रंग, म्हणून येणारे-जाणारे तिला हिरवीच म्हणतात. तिच्यासाठी एकेक फळी त्यांनी बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून निवडली होती. "लाकूड माझ्याशी खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांची ठोकण्याची सवय इतकी की आमचं लग्न ठरायच्या आधी घरी आले तेव्हा माझ्याकडे त्यांनी धड पाहिलंही नाही, आमच्या दाराची चौकट ठोकली आणि म्हणाले, "घर चांगलं आहे." त्या चौकटीच्या जोरावर माझं लग्न झालं असं आमचे हे अजून म्हणतात.

तर असे मामंजी काठी टेकत जवळ आले. चिमूटभर भुसा घेतला, बोटात चोळला, नाकाशी नेला.

"माझं चुकलं असेल," ते म्हणाले, आणि घरी गेले.

हे वाक्य मी तीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. जेवताना मीठ पुढ्यात असून दिसलं नाही, तरी चूक मिठाची असायची.

त्या दिवसापासून ते शेडकडे फिरकले नाहीत. त्यांची सकाळ म्हणजे खुर्ची, शेडचं दार आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नावेवर एक टोमणा. आता ते घरातल्या खिडकीशी बसू लागले, तळ्याकडे पाठ करून. जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवायचे तेही थांबलं. मी विचारलं, "हिरवीचं काय करायचं?" तर म्हणाले, "मोडा." तिसऱ्या दिवशी पानाला बोलावून त्यांनी सांगितलं, "शुक्रवारी ये आणि माझी पेटी घेऊन जा. रंधे, पटाशा, करवती, सगळं. माझा कान गेला."

पाना गप्प झाला, म्हणजे बघा.

मला भीती वाटली ती हिरवीची नव्हे. नाव मोडली तर दुसरी येईल. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसरं काहीच केलं नाही, त्याला सत्त्याहत्तराव्या वर्षी वाटू लागलं की आपल्याला ते कधी येतच नव्हतं, तर तो उरलेले दिवस कशावर काढणार? पेटी एकदा घराबाहेर गेली की हे माणूस खिडकीपासून उठणार नाही, एवढं मला दिसत होतं.

म्हणून मी ठरवलं की हिरवी दुरुस्त करायची. शुक्रवारच्या आत सगळी जमणार नव्हती, पण सुरुवात तरी दिसायला हवी.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं बघून बघून. नाव चालवायलाही अशीच शिकले. माझ्या अभ्यासाच्या खुणा धक्क्याच्या खांबांवर अजून आहेत. आठ वर्षं मी या काठावरून त्या काठावर माणसं नेते. दवाखान्यातली नर्स, दोन मास्तरीणबाई, एक गृहस्थ आणि त्यांची सायकल, जी ते कधीच कडेला लावत नाहीत. सुतारकामही मामंजींच्या मागे उभं राहून डोळ्यांनी शिकलेलं. ते विचारलं की सांगायचे, पण मी विचारायचे नाही. न विचारता आलं की मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. ही खोड पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मदतीला आमचे हे. हे वायरमन. पाण्याला घाबरतात, पण नाव शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी असली की यांच्यासारखा खलाशी नाही. त्यांनी दिवा धरला आणि मी पटाशीच्या मुठीने तळ ठोकत निघाले. चांगलं लाकूड ठोकलं की उत्तर देतं. कुजलेलं ऐकून घेतं. जिथे ऐकून घेतलं तिथे मी खडूने रेघ मारत गेले.

बघता बघता मला काहीतरी चमत्कारिक दिसायला लागलं. नावेच्या तळाला आतून आठ आडव्या बरगड्या आहेत. कुजलं होतं ते बरगड्यांच्या मधल्या खणांत, तळाशी, जणू प्रत्येक खणात कोणी बादली ओतून ठेवली होती. आणि अगदी मागे, जिथे पंप बसतो त्या खळग्यात, लाकूड ठणठणीत. कोरडं. पटाशीची मूठ उलटी उडाली.

"अहो," मी म्हटलं, "लाकूड वाईट असतं तर सगळीकडे वाईट नसतं का?"

"वायरिंगमध्ये तसं नसतं," हे म्हणाले. यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला वायरिंगचं उत्तर असतं. "दोष एका जागी असतो, वास भलतीकडून येतो."

मी चौथ्या बरगडीशी पटाशी लावली आणि हातोडा मारला. टचकन एक गोळी उडाली आणि यांच्या चपलेवर पडली. बोराएवढी, दगडासारखी कडक. एका बाजूने हिरवी, आत पांढरी. पुट्टी. हिरव्या बाजूवर अंगठा दाबल्याचा खळगा होता आणि खळग्यातून एक तिरकी रेघ गेलेली.

तशी रेघ माझ्या उजव्या अंगठ्यावर आहे. लहानपणी विळीने कापलेलं.

शाळा कमी झाली तरी सही मला येते, कुठेही अंगठा उठवायची वेळ आली नव्हती. इथे मात्र उठवून बसले होते.

"काय सापडलं?" यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि गोळी खिशात टाकली.

आठ वर्षांपूर्वी मामंजींचे गुडघे गेले आणि त्यांनी हिरवीची किल्ली माझ्या हातात दिली. धक्क्यावर उभे राहून म्हणाले, "इंजिनला तेल कमी पडू देऊ नकोस. आणि उंदीरवाटा तेवढ्या दर साली बघून घे."

उंदीरवाटा म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. एवढंही माहीत नाही का, असं ते म्हणाले असते तर? मी पायाखालच्या फळ्या उचलून शोधलं, आणि सापडल्या की. प्रत्येक बरगडीला खाली, बरोबर मध्यभागी, एक छोटी कमानीसारखी खाच. अगदी उंदराने कुरतडावी तशी. आठ बरगड्या, आठ खाचा. आणि रांगेत कोणी पुढे घुसला की "त्याला मी बघून घेते" असं मी रोज म्हणते, त्यामुळे बघून घेणे म्हणजे काय करायचं, याबद्दल माझ्या मनात कसलीच शंका नव्हती.

मी आठही बघून घेतल्या. पुट्टी भरली, अंगठ्याने दाबली, वरून रंगाचे दोन हात दिले. मग फळ्या खुळखुळतात म्हणून त्या स्क्रूने पक्क्या करून टाकल्या. दर साली त्या फळ्यांवरून रंग द्यायचा, अजून एक हात, अजून एक. जीव लावून.

आणि त्या वाटा होत्या पाण्यासाठी. पावसाचं, माणसांच्या पायांचं, उडालेलं, जे काही पाणी नावेत येतं ते पुढून एकेका बरगडीखालून मागे जातं, खळग्यात जमतं आणि पंप ते बाहेर टाकतो. मी ते आठ ठिकाणी अडवलं होतं. खळगा कोरडा का, तर पाणी तिथपर्यंत पोचतच नव्हतं! आणि मामंजी धक्क्यावरून वाकून त्या कोरड्या खळग्याकडे बघायचे आणि दिसेल त्याला सांगायचे, "माझ्या सुनेच्या हातात नाव कशी कोरडी राहते बघा."

ती गोळी मी दोन दिवस खिशात घेऊन फिरले. सांगायचं सोपं होतं, चार शब्दांचं काम. पण मला शाबासकी देणारं माणूस त्या घरात तेवढं एकच आहे, आणि ती शाबासकी कशाबद्दल होती ते आता मला माहीत होतं. बुधवारी मी सांगणार होते, तेव्हा त्यांना डुलकी लागली होती. गुरुवारी ते जागे होते, तेव्हा मला भांडी दिसली.

शुक्रवारी सकाळी मामंजी पेटी उघडून बसले. प्रत्येक हत्यार तेलाच्या फडक्याने पुसत होते आणि वर्तमानपत्रात गुंडाळत होते, काचेचं असल्यासारखं. मी चहा ठेवला. त्यांनी सगळ्यात लहान रंधा उचलला, तळहातावर तोलला आणि माझ्यापुढे धरला.

"ही तुझ्याकडे असू दे सूनबाई. पानाला नको. तुझा हात चांगला आहे."

रंध्याला ते 'ही' म्हणतात, का ते मी अजून विचारलेलं नाही. पण त्या 'चांगला आहे' वर माझा धीर सुटला. मी खिशातून गोळी काढली आणि पेटीच्या झाकणावर ठेवली.

"हे काय?"

"पुट्टी."

"कुठली?"

"उंदीरवाटेतली."

त्यांनी चष्मा लावला. गोळी फिरवली. डोळ्यांपेक्षा त्यांच्या बोटांना जास्त दिसतं. अंगठा त्या खळग्यात गेला आणि रेघेवर थांबला. मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात मागे घेतला, पण उशीर झाला होता.

"किती बुजवल्यास?"

"आठ."

"आठच्या आठ?"

"वरून रंगाचे दोन हात."

"अगं पण कशाला?"

"तुम्ही म्हणालात ना, उंदीरवाटा बघून घे. मी बघून घेतल्या."

"तुला वाटलं, उंदीर येतील?"

"हो."

"तळ्याच्या मधोमध?"

"हो."

"पोहत?"

"आता तुमच्याकडचे उंदीर कसले असतात ते मला काय माहीत!" मला रडूच यायला लागलं होतं, आणि रडू आलं की मला राग येतो. "उंदीरवाटा बुजवून नावेची वाट लावली मी, मामंजी. लाकडाचा काही दोष नव्हता. आठ वर्षं पाण्यात बसून होतं बिचारं, दुसरं असतं तर चार वर्षांत खलास झालं असतं. मागचं अजून लोखंडासारखं आहे. माझं खोटं वाटत असेल तर चला, ठोकून बघा."

आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं ठसका लागला. मग आवाज आला, मग खोकला, मग पुन्हा हसू. त्या माणसाला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. तेलाचंच फडकं डोळ्यांना लावलं, तर गालभर काळा पट्टा.

"आणि मी," त्यांना बोलवेना, "मी सांगत फिरलो... सुनेची नाव... कोरडी..."

"सांगत होतात खरे."

हसू ओसरलं तसे ते गोळी मुठीत धरून बसले. "म्हणजे लाकूड," ते म्हणाले, आणि पुढचं त्यांना म्हणता आलं नाही.

"चांगलं होतं," मी म्हटलं. "तुमचं लाकूड चांगलं होतं."

"बरं झालं गं बाई."

"बरं काय झालं? माझ्यामुळे नाव कुजली."

"तुझ्यामुळे कुजली, तेच बरं झालं."

मी आजवर या घरात बरीच चांगली कामं केली, त्यातल्या एकाबद्दलही कोणी माझ्याकडे असं पाहिलं नसेल. खांद्यावरून ओझं उतरवून घेणाऱ्याकडे बघावं तसं ते माझ्याकडे बघत होते. आणि खरं सांगायचं तर ओझं त्यांनी माझं उतरवलं होतं. ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी एवढंच केलं, की माझ्या अपराधाबद्दल माझे आभार मानले.

तेवढ्यात पाना हातगाडी घेऊन दारात. "मिस्त्री, पेटी न्यायला आलो."

"कुठली पेटी?"

"तुम्हीच म्हणालात ना, शुक्रवारी ये आणि..."

"म्हणालो असेन. मी म्हणतो त्याचं लोक काय काय करतात, ते मला आजच कळलंय. ठेव ती गाडी, आणि मला शेडपर्यंत हात दे."

शेडमध्ये पानाने आणि यांनी मिळून त्यांना नावेत चढवलं, गुडघ्यांच्या नावाने बरंच काही ऐकून घेतलं. मामंजी खळग्याशी बसले आणि त्यांनी बोटाच्या पेराने लाकूड ठोकलं. एकदा. कान लावून पुन्हा एकदा. मग काठाच्या फळीवर तळहात ठेवून बसले. आम्ही तिघं उगाच इंजिनाकडे बघत होतो.

"हं," ते म्हणाले. "बोलतंय."

पुढचे पाच आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पानाने साखळीने इंजिन वर उचलून ठेवलं. कुजलेलं मी कापत गेले, चांगलं लाकूड लागेपर्यंत आणि त्यापुढे वीतभर, कारण "दया दाखवशील तर पुन्हा कुजेल" असा हुकूम होता. मग जुन्याला तिरका काप, नव्याला तसाच उलटा काप, आणि दोन्ही एकमेकांवर बसवून जोडायचं, झाडाला कलम करतात तसं. माझा पहिला सांधा बघून मामंजी म्हणाले, "यातून उंदीर नाही, मांजर जाईल." दुसऱ्याला काही म्हणाले नाहीत. तिसऱ्यावर बोट फिरवून त्यांना सांधा सापडला नाही. तेव्हा ते पानाला म्हणाले, "बघून ठेव." मला म्हणाले नाहीत, पण मी तिथेच होते.

यांची एकच तक्रार, की मामंजी आणि मी दिवसभर भांडतो. भांडण असं की चूक कोणाची. मी म्हणायचे माझी, विचारायला हवं होतं. ते म्हणायचे, "नाही, माझीच. 'बघ' म्हणायचं सोडून 'बघून घे' कशाला म्हणालो?" मी म्हणायचे, "त्यापेक्षा सरळ पाणवाटा म्हणायला काय झालं होतं?" यावर ते दुखावले. त्यांच्या उस्तादांचा शब्द होता तो.

"आधी चूक कोणाकडे राहणार ते ठरवा," हे म्हणाले, "तोवर मी चहा ठेवतो."

मी मात्र त्या पाच आठवड्यांत विचारायला शिकले. हे काय, ते कशाला, असंच का. पहिले दोन दिवस जीभ जड झाली, मग सुटली ती सुटलीच. शेवटी मामंजी कानावर हात ठेवू लागले. फटींत कापसाची वात ठोकताना मी विचारलं की वात किती घट्ट, तर म्हणाले, "एवढं तरी न विचारता कर."

नव्या बरगड्यांना वाटा मी स्वतः कोरल्या. त्यांनी बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "अजून थोडी मोठी कर. तुझं काही सांगता येत नाही." पायाखालच्या फळ्या स्क्रूने बसवल्या नाहीत, नुसत्या ठेवायच्या. खुळखुळल्या तर खुळखुळू देत.

पाण्यात सोडायच्या आदल्या दुपारी, त्या फळ्या ठेवण्याआधी, मामंजींनी एक तांब्या पाणी मागितलं. नावेचं पुढचं टोक ठोकळ्यांवर थोडं उचललेलं होतं. ते पुढे बसले, मी मागे खळग्याशी गुडघे टेकून. हे आणि पाना खाली उभे.

"ओततो," ते म्हणाले, आणि अख्खा तांब्या ओतला.

पाणी पहिल्या बरगडीशी आलं, थबकलं, आणि खालून निघालं. मी बघत होते.

"पहिली?" त्यांनी विचारलं. त्यांना तिथून दिसत नव्हतं.

"गेलं."

"दुसरी?"

"गेलं. तिसरीही."

भुशाचे कण घेऊन पाणी सरकत होतं, एका खणातून दुसऱ्यात, घाई नसलेल्या माणसासारखं. चौथी, जिथे गोळी सापडली होती ती. पाचवी. सहावीशी एक लाकडाची कपची आडवी आली. मी हात पुढे केला, तर ते तिकडूनच ओरडले, "हात लावू नकोस! त्याचं त्याला जाऊ दे." कपची फिरली, सरळ झाली आणि पाण्याबरोबर निघून गेली. कसं कळलं त्यांना, देव जाणे. कानानेच असेल.

"सातवी?"

"सातवी झाली, मामंजी."

पुढे मी बोलले नाही. सातवीनंतर माझ्या घरच्यांनी शाळेची पिशवी खुंटीला अडकवली होती, ती अडकवलेलीच राहिली. हे मामंजींना माहीत होतं. तेही थांबले होते. पाणी शेवटच्या बरगडीशी गोळा झालं, जरासं फुगलं.

"आठवी?" त्यांनी हळूच विचारलं.

खळग्यात, माझ्या तळहातावर, गार पाण्याची धार आली.

"आठवी पास," मी म्हटलं.